रिकामे खिळे

“आंटी, मी बाबांना दुसऱ्यांदा मारलं.”

फोनवर एफुआ तावियाह होती आणि ती रडत नव्हती. अराबा क्वान्साला तेच जास्त खुपलं. रडणाऱ्या माणसाला दोन शब्द सुनावून गप्प करता येतं. न रडणाऱ्याचं काय करायचं, हे पन्नाशी उलटली तरी तिला कळलेलं नव्हतं.

“नीट सांग. झालं काय?”

“गाणी गेली. सगळीच. सोमवारी मी तो साफसफाईचा झाडूवाला प्रोग्राम चालवला होता. काल संध्याकाळी बघते तर बाबांच्या कॉम्प्युटरवर एकही गाणं नाही. आई माझ्याशी बोलत नाहीये.”

अराबाने पुढ्यातली मक्याची केंकी आणि तळलेला मासा तसाच झाकला. घानातल्या ताकोराडीच्या मार्केट सर्कलमध्ये तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दारावर हातभर अक्षरांत पाटी होती: ‘पुसलेलं परत आणतो’. या पाटीचा तिला भारी तोरा. दुकान शेजारणीवर सोपवून ती टॅक्सीत बसली आणि एफुआच्या घराची एफिआकुमा वस्ती येईपर्यंत ड्रायव्हरला चारदा म्हणाली की, बाबा, जरा पाय दाब.

घाई उगाच नव्हती. आज गुरुवार होता आणि शनिवारी एफुआच्या बापाची, कोबिना तावियाहची अंत्ययात्रा होती. तरुणपणी होडीवर जाळं ओढणारा आणि पुढे साऱ्या किनाऱ्याला गाण्यांनी वेड लावणारा कोबिना पाच आठवडे शवागारात होता. घरातल्या मागच्या खोलीत त्याने वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलेली गाणी शनिवारी मांडवात वाजायची होती. माणूस तर गेलाच होता, आता आवाजही गेला.

मांडवाचे खांब रोवून झाले होते. ओट्यावर कोबिनाचे मामा, कुळाचे प्रमुख नाना अमिसा, काळं वस्त्र खांद्यावर घेऊन बसले होते. त्यांनी अराबाकडे पाहून नुसती मान हलवली.

“आलीस? बघ काही होतंय का. नाहीतर या मुलीला शनिवारी चटईवर बसू देणार नाही मी. ज्या हाताने बापाचा आवाज पुसला, त्याने लोकांचं सांत्वन घ्यायचं?”

एफुआ दारातच उभी होती. तिने हे ऐकलं आणि मान खाली घातली. अराबाच्या अंगाची लाही लाही झाली, पण कुळाच्या प्रमुखाला उलटून बोलायची ही वेळ नव्हती.

मागच्या खोलीत पंखा खडखडत होता. टेबलाजवळ कोबिनाची बायको मामे बेन्सिवा बसली होती, पडद्याकडे पाठ करून. मुलीकडेही पाठच. अराबाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो थोपटला.

अराबाने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर कोबिना हसत होता. निळा सदरा, पांढरी दाढी, कपाळ नुकतं तेल लावल्यासारखं गुळगुळीत. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामची खूण जागच्या जागी. गाण्यांचा फोल्डर मात्र रिकामा.

“सोमवारी काय केलंस, ते हळूहळू सांग.”

“झाडूच्या खुणेवर दाबलं. शेकडो लाल ओळी आल्या. ‘चुका सापडल्या’ असं लिहून आलं. मग ‘सगळं साफ करा’ दाबलं. मग हिरवं झालं आणि एकही चूक उरली नाही.”

“त्यानंतर गाणी ऐकलीस?”

“हो, सोमवारीच. ‘चाललंय ना’ म्हणून एक लावून बघितलं. चाललं होतं.”

“अगं मुली, मग तू कशी पुसलीस?”

“मला वाटलं, हळूहळू पुसली जात असतील.” एफुआ म्हणाली. “सगळे तेच म्हणतायत.”

“झाडू फिरवायला कोणी सांगितलं होतं?”

“एबो दादाने. रविवारी म्हणाला, मशीन फार रखडतंय, मांडवात गाणं अडकलं तर शोभा होईल. नाना पण म्हणाले, करून टाक.”

एबो डाडझी हा कोबिनाच्या बहिणीचा मुलगा. मामाची गादी भाच्याची, त्यामुळे मामाच्या मयतीचा मान-अपमानही त्याच्याच माथी. बंदराच्या रस्त्यावर त्याचा मयतीची पोस्टरं छापायचा धंदा होता आणि तो जोरात चालत होता.

अराबाने आधी आपल्या पाटीला जागून पुसलेलं शोधायचा प्रोग्राम लावला. दुपार टळेपर्यंत तो चालला. ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली, मध्येच पंख्याला शिव्या घातल्या, दोनदा बाहेर जाऊन आली. शेवटी पडद्यावर काय आलं? काही नाही. एक गाणं नाही, गाण्याचा तुकडा नाही. पुसलेलं काही ना काही मागे उरतंच. इथे कोणीतरी पुसल्यावर वरून पुन्हा पोतेरं फिरवलं होतं.

“एफुआ, रिकामी जागा भरून पुन्हा पुसायची, हे तुला येतं?”

“म्हणजे काय, आंटी?”

अराबाने उगाच, हाताला चाळा म्हणून, झाडूच्या खुणेवर दाबलं. पट्टी सरकली आणि लाल ओळींचा पाऊस पडला. शेकडो चुका. खाली तेच मोठं बटण: ‘सगळं साफ करा’.

एफुआने दचकून तिचा हात धरला.

“घाबरतेस काय? याने गाणी जात नाहीत.” अराबा म्हणाली. “तुमच्या भिंतीवर दर वर्षी कॅलेंडर लावता ना? जुनं काढता, खिळा राहतो. मशीनमध्येही तसंच. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे मशीनच्या वहीत, राहते. रिकामा खिळा. कोणाला टोचत नाही, घर पडत नाही. हा झाडूवाला नुसते खिळे मोजतो आणि लोकांना घाबरवतो. आपण सोडून द्यायचं.”

“मग सोमवारी मी—”

“तू सोमवारी रिकामे खिळे उपटलेस. सामानाला हात लावला नाहीस.”

एवढं बोलून अराबा थांबली. स्वतःचंच बोलणं तिला पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. ती पडद्याजवळ वाकली आणि लाल ओळी एकेक करून वाचू लागली. मामे बेन्सिवा अजून पाठ करूनच होती. खोलीत फक्त पंखा वाजत होता.

“तुमच्याकडे चिकट कागदाची अक्षरं कापायचं मशीन कधी होतं?”

“आमच्याकडे? नाही.” एफुआ म्हणाली. “बाबांकडे माईक आणि गिटार, बस.”

अराबाने मशीन बंद केलं, प्लगही काढला आणि मामे बेन्सिवाला सांगितलं की या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली पदरात ठेवा, नानांनाही देऊ नका. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सोमवार ते बुधवार घरात कोण कोण येऊन गेलं, हे तिने ओट्यावर बसूनच काढून घेतलं. मंगळवारी मायलेकी शिंपिणीकडे मयतीच्या कपड्यांची मापं द्यायला गेल्या होत्या. घरी नाना होते. जोजो अर्का, कोबिनाचा गिटारवाला, स्पीकर न्यायला आला होता. एबो दर्शनी भिंतीवरच्या बॅनरचं माप घ्यायला आला होता. दोघेही मागच्या खोलीत जाऊन आले, कारण स्पीकर तिथे होता आणि शिडीही तिथेच.

“तुम्ही बरोबर गेला होतात, नाना?”

“मी काय पहारेकरी आहे? लोक सांत्वनाला येत होते. मी बसलो होतो.”

जोजो अर्का तिला मासळीबाजाराजवळच्या चहाच्या टपरीवर सापडला. कोणती चाल कोणाची, यावरून त्याचं आणि कोबिनाचं वाजलेलं होतं, हे सगळ्या ताकोराडीला माहीत होतं. गाणी गेल्यावर पहिलं बोट त्याच्याकडेच गेलं असतं. एफुआ आयती सापडली म्हणून तो वाचला होता.

“गाणी तू नेलीस?”

“आंटी, त्या गाण्यांत माझी गिटार आहे. ती गेली म्हणजे मीही अर्धा गेलो. मी कशाला नेऊ?”

“तुझ्या नावावर काढायला.”

“आवाज त्याचा असताना?” जोजो हसला, पण ते हसणं टिकलं नाही. “भांडायचो आम्ही. बायकोशी भांडतो तसं. गाण्याआधी तो इथे खाजवायचा, बघा.” त्याने डाव्या भुवईच्या वर बोट फिरवलं. “होडीचा वासा लागला होता ना त्याला, गळासारखा वाकडा वण होता. तो खाजवायला लागला की मी समजायचो, आता सूर लागणार.”

अराबाचा चहाचा पेला हातातच राहिला.

“शेवटचं रेकॉर्डिंग तूच केलंस?”

“सुरुवात केली. मग मला म्हणाला, तू बाहेर जा. आता मी गाणार नाही, बोलणार आहे. घरच्यांसाठी आहे.”

“काय बोलला?”

“ते मला कसं कळणार? बाहेर काढलं ना मला.”

म्हणजे गेली ती नुसती गाणी नव्हती. कोबिना घरच्यांना काहीतरी सांगून गेला होता आणि ते कोणाला तरी नको होतं. ते मयतीबद्दलचं असेल, तर आठशे माणसांच्या जेवणाची, बँडची आणि नाचत मिरवायच्या शवपेटीची घोषणा नानांनीच केली होती. पण नानांना स्वतःचा मोबाइल लावायला माणूस लागतो. पोतेरं फिरवणं त्यांचं काम नव्हे.

एबोच्या दुकानात पाऊल ठेवताच चिकट कागदाचा वास आला. आत मशीन कुरकुर करत एका मयत शाळामास्तराचं नाव कापत होतं. भिंतीवर कालपरवाची पोस्टरं होती. जन्मभर मासे विकलेल्या म्हाताऱ्या सोन्याच्या साखळ्या घालून बसल्या होत्या आणि एक गवंडी सरदाराच्या केंटे वस्त्रात उभा होता. डोकं मयताचं, धड दुकानातलं. लोकांनाही तेच हवं असतं. सुरकुत्या, डाग, पडलेले दात, सगळं या दुकानात दुरुस्त होऊन जायचं.

“या, आंटी. गाणी सापडली?” एबोचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते.

“अजून नाही. मामाचं पोस्टर बघायचंय.”

“कोणालाच दाखवलेलं नाही. उद्या छापतो. थाटात करणार आहे, मामाला शोभेलसं. आमच्या मामाला कोंबडीसारखं पुरलं, असं कोणी म्हणता कामा नये.”

“तुझं एक मशीन उघडं पडलंय तिथे कोपऱ्यात.”

“डिस्क गेली त्याची.” एबोने अक्षरं सोलता सोलता सांगितलं.

“माझ्याकडे आणायची होतीस. पुसलेलं परत आणते मी.”

“माहीत आहे, आंटी,” एबो म्हणाला आणि त्याच्या बोटात कागद फाटला.

शुक्रवारी सकाळी अराबाने सगळ्यांना कोबिनाच्या मागच्या खोलीत बोलावलं. जागा अपुरी होती. नाना खुर्चीत, मामे बेन्सिवा पलंगाच्या कडेवर, जोजो आणि एबो भिंतीला टेकून. एफुआ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत यायला तिला कोणी सांगितलं नाही. अराबाने कॉम्प्युटर लावला आणि त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“नाना, आधी एक गोष्ट पक्की करून टाकते. मुलीने काही पुसलेलं नाही. सोमवारी साफसफाई झाल्यावरही गाणं वाजलं होतं. हा प्रोग्राम फक्त रिकाम्या नोंदी उपटतो. गाण्याला हात लावायची त्याची ताकद नाही.”

“मग गाणी गेली कुठे?”

“तेच सांगते. सोमवारी एफुआने सगळे लाल डाग साफ केले. एकही उरला नाही. काल मी बघितलं तर शेकडो. तीन दिवसांत? या घरात तीन दिवसांत कोणी एक नवा प्रोग्राम घातला नाही. एवढे खिळे ठोकायला वर्षं लागतात. मी म्हटलं, भिंत तीच असेल तर खिळे आले कुठून? मग मला कळलं की भिंतच वेगळी आहे. मशीनच्या पोटातली डिस्क कोणीतरी बदलली आहे.”

जोजोने शीळ घातली. नानांनी त्याच्याकडे बघितल्यावर ती अर्ध्यावर मोडली.

“बदलणारा हुशार होता. डिस्कवरचं जुनं सगळं काढलं, वरून पोतेरंही फिरवलं, कारण माझी पाटी त्याने वाचलेली होती. खुणा जागच्या जागी मांडल्या. पण रिकाम्या खिळ्यांकडे कोण बघतं? मी बघितलं. हा खिळा अक्षरं कापायच्या प्रोग्रामचा. हा त्याच मशीनचा. हे पोस्टरच्या अक्षरांच्या नमुन्यांचे. ही डिस्क आधी कुठे होती, ते या नोंदी सांगतायत. काल मी ‘सगळं साफ करा’ दाबलं असतं, तर आज माझ्या हातात काहीच नसतं.”

सगळ्यांच्या नजरा एबोकडे वळल्या. तो सरळ उभा राहिला.

“पोस्टरची दुकानं ताकोराडीत ढिगाने आहेत, आंटी. जुन्या डिस्क बाजारात विकत मिळतात. जोजोही घेऊ शकतो.”

“घेऊ शकतो. म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही.” अराबा पडद्यासमोरून बाजूला झाली. “बेन्सिवा, एकदा इकडे बघ. तुला जड जाईल, पण बघ.”

मामे बेन्सिवा हळूहळू वळली. कितीतरी वेळ ती नवऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“वण कुठे आहे?” ती म्हणाली.

“तेच.” अराबा म्हणाली. “याच निळ्या सदऱ्यातला फोटो तुमच्या मशीनवर होता, म्हणून कोणाला संशय आला नाही. पण त्या फोटोत वण होता. हा फोटो कोणीतरी पोस्टरसाठी साफ केलाय. जोजोला असला उद्योग येत नाही आणि आला असता तरी त्याने वण पुसला नसता, तो त्या वणावरून सूर ओळखायचा. दुकानात येणारा प्रत्येक मयत गुळगुळीत करायची ज्याच्या हाताला सवय आहे, त्याच्याच हातून हे झालं. आणि कोबिनाचं पोस्टर एबोखेरीज अजून कोणी बघितलेलं नाही, म्हणजे हा साफ केलेला फोटो दुसऱ्या कोणाला मिळणारच नाही. डिस्क काढ, एबो. तू ती फेकलेली नाहीस, मामाचा आवाज तुझ्याने फेकवणार नाही.”

एबोने पाठीवरची बॅग पुढे घेतली आणि कापडात गुंडाळलेली डिस्क टेबलावर ठेवली. ती तो बरोबरच घेऊन हिंडत होता.

“पोस्टरसाठी फोटो घ्यायला आलो, तेव्हा ऐकलं मी ते,” तो नानांकडे बघून म्हणाला. “मामा म्हणतो, मला बर्फात ठेवू नका, मिरवू नका, आपामला, आपल्या गावी, आईशेजारी गुपचूप पुरा. तोपर्यंत तो तीन आठवडे शवागारात होता. तुम्ही बँड सांगितला होता. मी काय करणार होतो? लोक म्हणाले असते, भाच्याने मामाच्या नावाखाली हात आखडता घेतला. नुसतं ते बोलणं पुसायला बसलो होतो. नाही झालं, नाना. मामाचा आवाज होता तो. म्हणून डिस्कच नेली. शनिवार झाला की सापडली म्हणून परत आणणार होतो.”

“आणि तोपर्यंत ही?” अराबाने उंबऱ्याकडे हात केला. “हिला तू रविवारी मुद्दाम झाडू फिरवायला सांगितलंस. तुला कोणाच्या तरी गळ्यात बांधायला हवं होतं आणि ही घरातलीच होती, तक्रार करणार नव्हती. बापाचा आवाज आपण मारला म्हणून दोन रात्री ही पोर जागी आहे. वण पुसायला तुझा हात थरथरला नाही आणि हिला पुसायलाही नाही.”

एबोने भिंतीला पाठ टेकली आणि तो खाली बसला. रडू त्याला आवरेना. अराबाला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

नाना अमिसा काठीवर रेलून म्हणाले की शनिवारी संध्याकाळी एबोने माफीची म्हणून श्नॅप्स दारूची बाटली घेऊन साऱ्या कुळासमोर एफुआपुढे गुडघे टेकायचे. बँडला आजच नको म्हणून कळवायचं. बर्फात ठेवलं, ते आता निस्तरता येत नाही, पण माणूस उद्या आपामलाच जाईल. आणि पोस्टर नव्याने छापायचं, वणासकट.

“मीच आधी ओरडलो तिच्यावर,” एवढं ते शेवटी म्हणाले, कोणाकडेही न बघता.

अराबाने कॉम्प्युटर बंद करून त्याची पेटी उघडली, जुनी डिस्क जागेवर बसवली आणि बटण दाबलं. निळ्या सदऱ्यातला कोबिना वाकड्या वणासह पडद्यावर आला. फोल्डरमध्ये गाणी होती, सगळी. तिने सर्वांत शेवटच्या नावावर बोट ठेवलं. आधी कोणीतरी घसा खाकरला, मग खुर्ची करकरली.

“बेन्सिवा,” कोबिना म्हणाला, “पोरगी आहे का तिथे? तिला आत घे. तिच्यासमोरच सांगायचंय.”

कोणी हललं नाही. पुढचे शब्द पंख्याच्या खडखडाटात बुडाले. मामे बेन्सिवाने पदराने तोंड पुसलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मुलीकडे वळून बघितलं.

“एफुआ,” ती म्हणाली, “तो पंखा बंद कर गं. आणि इथे येऊन बस. मला नीट ऐकू येत नाहीये.”

एफुआ उंबरा ओलांडून आत आली. तिने पंखा बंद केला आणि आईने सरकून दिलेल्या जागेवर बसली. अराबाने आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.